सामाईक दार

९ जानेवारी

भाऊजींस सप्रेम नमस्कार,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नका. कोणी गेलेलं नाही. आम्ही दोघं आहोत, बरे आहोत. काम दाराचं आहे.

आपलं पुढचं दार आता बदलावं असं माझ्या मनात आहे. हवा दमट झाली की ते फुगतं आणि उघडायला खांदा लावावा लागतो. हवा कोरडी झाली की फटीतून उजेड दिसतो, वारा शिरतो, समोरच्या दुकानातली चिंध्यांची धूळ शिरते. कडी कोयंड्यात बसत नाही, दार उचलून धरावं लागतं. बिजागऱ्या तर अशा करकरतात की समोरच्या शिंपीणबाई म्हणतात, वहिनी भाजीला निघाल्या हे गल्लीला घड्याळ न बघता कळतं. बदलायचंच झालं तर थोडं रुंद करून घेऊ, म्हणजे सामानसुमान न्यायला बरं.

तुम्हाला का विचारते आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. आई गेल्या आणि ह्यांनी तुम्हाला न विचारता त्यांची खाट देऊन टाकली. ते चुकलंच, मी तेव्हाही म्हटलं होतं. तुम्ही याच दारात उभे राहून म्हणालात, "घर निम्मं माझं आहे. यापुढे माझ्या संमतीशिवाय इथला खिळासुद्धा हलवायचा नाही." आणि हे म्हणाले, "नाही हलवणार. शब्द देतो." तुम्ही बॅग उचलून गेलात ते गेलातच.

तुम्ही रागाच्या भरात बोलला असाल, पण तुमच्या दादांनी ते शब्दशः धरलं. त्या दिवसापासून या घरातला एक खिळा निघाला नाही आणि एक नवा लागला नाही. आमचं कॅलेंडर पिठाच्या डब्याला टेकून उभं असतं. पोळ्या करायच्या तर आधी महिना बाजूला ठेवावा लागतो.

तेव्हा दोन ओळी लिहा की दार बदलायला तुमची हरकत नाही. बाकी सगळं मी बघते. मी लिहिलंय हे ह्यांना सांगितलेलं नाही. ह्यांची तब्येत ठीक, पाय जरा दुखतो इतकंच.

— वहिनी


३० जानेवारी

भाऊजींस नमस्कार,

तुमचं पत्र पोचलं आणि पितळी मूठही पोचली. "जुन्या दाराला लावा, शोभून दिसेल" असं तुम्ही लिहिलंत. मूठ छान आहे. पण ती लावायला चार स्क्रू लागतात, आणि स्क्रू हा खिळाच असं तुमच्या दादांचं मत पडलं. कुठून आली विचारल्यावर शिंपीणबाईंनी दिली असं मी सांगितलं. सध्या ती फडताळात चमच्यांजवळ आहे.

पत्रातला उपदेशही वाचला. दार फुगतं तर रंधा मारा, करकरतं तर तेल घाला, कडी बसत नाही तर बिजागऱ्यांना लांब स्क्रू घाला. लाकूड कुजलंय का, वाळवी लागलीय का, चौकट हलते का, हे तीन प्रश्न विचारा आणि तिन्हींचं उत्तर नाही असेल तर दार बदलायची वेळ आलेली नाही. "वहिनी, माझा हाच धंदा आहे, दार कधी बदलायचं ते मला कळतं," हे वाक्य मी दोनदा वाचलं. तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकणं तुम्हाला छान जमतं.

तरी मी सुताराला बोलावलं. त्याने दारावर टकटक केली, खालच्या कडेला पटाशी टोचून पाहिली, चौकटीला धक्का देऊन पाहिला. म्हणाला, "बाई, असलं लाकूड आता मिळायचं नाही. हे दार तुम्हाआम्हाला पुरून उरेल." म्हणजे तिन्ही प्रश्नांची उत्तरं नाही अशीच आहेत. झालं समाधान?

आता मी गोड बोलणं बंद करते. मागच्या पत्रात पाय जरा दुखतो असं लिहिलं होतं. तो पाय आता नाही. नव्या बुटाने अंगठ्याला फोड आली, साखर होतीच, ह्यांनी कोणाला दाखवली नाही आणि मलाही दाखवली नाही. शेवटी डॉक्टरांनी गुडघ्याखालून काढला. याला चार महिने होऊन गेले. "त्याला कळवायचं नाही," हे शुद्धीवर आल्यावरचं ह्यांचं पहिलं वाक्य. मी पाणी हवं का विचारत होते.

आता घरात चाकांची खुर्ची आहे. चाकं दारातून जातात. चाकांच्या बाहेर हाताने फिरवायच्या ज्या गोल कड्या असतात ना, त्या जात नाहीत. एक-एक बोट दोन्ही बाजूंना. मागे दार नाही हे तुम्हाला माहीत आहे, न्हाणीची खिडकी आहे.

आणि हे दार एवढं अरुंद का, तेही तुम्हाला चांगलं माहीत आहे. नसेल आठवत तर मी आठवण करून देते, मला आईंनी सांगितलेलं आहे, आणि सांगताना त्या डोळे पुसेपर्यंत हसायच्या. बाबांनी तुम्हा दोघा पोरांना दार करायला सांगितलं. त्या आठवड्यात तुमचं एकमेकांशी बोलणं बंद होतं. फळ्या जोडून झाल्या, चार बोटं जास्त भरल्या. दादांनी सकाळी एका कडेने चार बोटं कापली. दुपारी तुम्ही आलात, दादांनी काही केलं नसेल असं गृहीत धरलंत आणि दुसऱ्या कडेने चार बोटं कापलीत. विचारायला तोंड उघडावं लागलं असतं. मग दार अरुंद झालं म्हणून चौकटही त्याच मापाची केलीत आणि बाबांना सांगितलंत की अरुंद दाराने घर उबदार राहतं. आजही ह्यांना विचारलं तर तेच सांगतात.

तुमच्या त्या चार बोटांमुळे तुमचे दादा घरात कोंडले गेलेत, भाऊजी. आयुष्यभर ज्यांनी बस चालवली, तीही अशा गल्लीबोळांतून की प्रवासी श्वास रोखून बसायचे. दवाखान्यात न्यायचं तर दोन माणसं त्यांना चादरीत उचलून नेतात. एरवी शेजारचे न्यायला तयार आहेत, पण हे म्हणतात, "मला उचलून न्यायचं ते एकदाच." मग दिवसभर खिडकीशी बसून कोपऱ्यावर वळणाऱ्या बसचा आवाज ऐकतात. बस दिसत नाही. नुसत्या आवाजावरून म्हणतात, "गिअर चुकला."

त्यांना तो कोपरा बघायचा आहे. बाकी काही मागणं नाही त्यांचं. कुजणं, वाळवी, चौकट हे तुमचे तीन प्रश्न तुमच्यापाशीच ठेवा. घरातल्या माणसाला दारातून बाहेर पडता येईना की दार बदलायची वेळ झाली. एवढं कळायला धंदा लागत नाही.

संमती पाठवा.

— वहिनी


२१ फेब्रुवारी

भाऊजी,

आज नमस्कार नाही.

"दादाचा पाय गेला असता तर दादाने मला कळवलं असतं. एका दारासाठी तुम्ही असं काही रचाल असं वाटलं नव्हतं. दादाने स्वतःच्या हाताने लिहावं, मी त्याच दिवशी हो म्हणतो."

तुमचीच वाक्यं आहेत, मुद्दाम उतरवून काढली. दुसऱ्याच्या हातात बघितली म्हणजे कशी दिसतात ते कळेल. वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी माझ्या नवऱ्याचा पाय रचला. मला दुसरा उद्योग नाही. ड्रेसिंग करताना जे बघते तेही रचते, आणि नसलेल्या पायाची बोटं खाजतात म्हणून जे रडतात त्यांचं रडणंही मीच रचते.

तुमच्या या पत्रामुळे मला ह्यांना सगळं सांगावं लागलं. कागद समोर ठेवला, पेन हातात दिलं. म्हटलं, "पाय गेला, दार रुंद करायचंय, एवढं लिहा. सही करा. संपला विषय."

हे म्हणाले, "तू मला न विचारता त्याला लिहिलंस?"

"लिहिलं."

"मग आता तूच लिही. मी मागणार नाही."

"अहो, भीक नाही मागायची. भाऊ आहे तुमचा."

"भाऊ आहे म्हणूनच. त्याला द्यायचं असेल तर तो देईल. पाय दाखवून मी संमती घेणार नाही."

मी हात टेकले. दोन जेवणं आम्ही न बोलता केली. तिसऱ्या जेवणाला ह्यांनी कागद ओढला आणि एक ओळ लिहिली. सोबत जोडली आहे, बघा. "येथे सर्व क्षेम आहे, तुझी खुशाली कळव." सहीसुद्धा झोकात केली आहे.

तुम्ही एकाच फळीचे दोन तुकडे आहात. एकाला कळवायचं नाही आणि दुसऱ्याला कळवून घ्यायचं नाही. मधल्या मध्ये मी. लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुमची डोकी फुटू नयेत म्हणून आई मध्ये बसायच्या. त्या गेल्यावर ती जागा मला कोणी विचारून दिली नव्हती. मला ती नको आहे.

तुम्हाला पुरावा हवा असेल तर या आणि डोळ्यांनी बघा. नाहीतर शिंपीणबाईंना लिहा, दवाखान्याला लिहा, हवं त्याला लिहा. पण दादाने लिहावं हा हट्ट सोडा. त्यांनी लिहिलं नाही, यातच ते खरं आहे हे तुम्हाला कळायला हवं होतं. खोटं असतं तर त्यांनी हसत लिहिलं असतं.

— वहिनी


११ मार्च

भाऊजी,

तुमचं उत्तर नाही. आता नसलं तरी चालेल. तरी हे लिहिते, कारण हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

काल सकाळी सिलिंडर बदलला. रेग्युलेटर नीट बसला नाही आणि फुस्स आवाज यायला लागला. मी तो काढायला गेले तर निघेना, आणि सगळं घर गॅसच्या वासाने भरलं. मी खिडकी उघडली आणि ह्यांची खुर्ची ढकलत दाराकडे पळाले. खुर्ची जात नाही हे मला माहीत आहे, रोज दिसतं. पण अशा वेळी माणूस दाराकडेच पळतो.

खुर्ची दारात अडकली. जोरात आली होती म्हणून अशी घट्ट बसली की ना पुढे, ना मागे. ह्यांची बोटं चाकाची कडी आणि चौकटीच्या मध्ये सापडली. हे दारात, मी त्यांच्या मागे, आणि माझ्या मागे गॅस. गल्ली हातभर अंतरावर दिसत होती.

हे म्हणाले, "माझ्यावरून जा."

मी म्हटलं, नाही.

मग बस चालवताना ओरडायचे तसे ओरडले, "मूर्खासारखी उभी राहू नको. पाय ठेव आणि जा."

मी गेले. खुर्चीच्या पाठीवर चढले, त्यांच्या खांद्याला धरलं, उरलेल्या पायाच्या मांडीवर पाय ठेवला आणि त्यांच्यावरून बाहेर पडले. या वयात, साडी सावरत, माझ्या नवऱ्याच्या अंगावर पाय देऊन. गल्ली बघत होती. मला त्याची लाज नाही. पण मी बाहेर होते आणि हे आत होते, तो क्षण मी विसरणार नाही, आणि तुम्हीही विसरू नये अशी माझी इच्छा आहे.

समोरून माणसं धावली. दोघांनी ह्यांना काखेत धरून खुर्चीतून उपसलं आणि शिंपीणबाईंच्या कापड बेतायच्या टेबलावर नेऊन बसवलं. सिलिंडरवाला जवळच होता. तो ओलं फडकं नाकाला लावून अडकलेल्या खुर्चीवरून आत गेला आणि सिलिंडर बंद करून आला. काही झालं नाही. तुम्ही हेच म्हणाल ना, की काहीच झालं नाही? बोटांची सालं गेली, इतकंच.

टेबलावर कात्र्या आणि टेपच्या मध्ये बसून हे आपल्या घराकडे बघत होते. इतक्या महिन्यांनी ते घर त्यांना बाहेरून नीट दिसत होतं. दारात रिकामी खुर्ची अडकलेली होती. मी म्हटलं, "अजून शब्द पाळायचाय?"

मी उत्तरासाठी थांबले नाही. शब्द त्यांनी दिला होता, मी दिला नव्हता. हे इतकी वर्षं माझ्या लक्षात कसं आलं नाही, याचंच मला नवल वाटतं.

सुताराला निरोप धाडला आहे. हे पत्र संमती मागण्यासाठी नाही.

— वहिनी


२ एप्रिल

भाऊजी,

या पत्राबरोबर एक मोठं पार्सल येईल. ते काय आहे ते आधी सांगते, म्हणजे घेऊन येणाऱ्यावर ओरडणार नाही.

सुतार आला. ह्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली आणि पाठ करून बसले. म्हणाले, "मी काही बघितलेलं नाही." सुताराने आधी दार बिजागऱ्यांवरून उतरवलं. मग चौकट काढायची, बाजूची भिंत फोडायची, असा त्याचा बेत होता. मला धाकधूक होती, कारण भिंत म्हणजे तर तुमचं अर्धं राज्य. त्याने चौकटीला पहार लावली आणि थांबला. म्हणाला, "बाई, ही चौकट नाहीच."

ती भर होती. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जाडीच्या उभ्या पट्ट्या ठोकून वरून रंग मारलेला. इतके रंग चढले की सांधा बुजून गेला. पट्ट्या निघाल्या आणि मागे बाबांनी बसवलेली मूळ चौकट निघाली, सरळ, धडधाकट. भिंतीचा एक कणही पाडावा लागला नाही. वाट पहिल्यापासून रुंद होती, भाऊजी. तुम्ही दोघांनी ती बुजवलीत आणि मग दोघंही विसरलात.

मी ह्यांची खुर्ची ओढून दारापाशी आणली. बघा म्हटलं. ह्यांनी त्या जुन्या लाकडावरून हात फिरवला. बोटांवर अजून मलमपट्ट्या होत्या. मग म्हणाले, "चार बोटं. गाढव होतो." त्या 'होतो'मध्ये तुम्हालाही धरलं होतं की नाही ते मी विचारलं नाही.

नवं दार होईपर्यंत आम्ही पडदा लावून राहिलो. दरम्यान जुन्या दाराचं काय करायचं ते ठरायचं होतं. सुतार म्हणाला, "दार चांगलं आहे, कुठेही बसेल. मी नेऊ का?" मी म्हटलं, "नको, यात निम्मा वाटा माझ्या दिराचा आहे. आडवं कापून दे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. असलं लाकूड कापायचं त्याच्या जिवावर आलं होतं. त्याने ह्यांच्याकडे पाहिलं, घरातल्या पुरुषाने आता तरी बायकोला आवरावं म्हणून. ह्यांनी हात पुढे करून त्याच्याकडून टेप आणि पेन्सिल घेतली. दार त्यांच्यापुढे आडवं ठेवलं होतं. खुर्चीतून वाकून मधोमध माप घेतलं, पुन्हा घेतलं, रेघ मारली. म्हणाले, "एकदाच काप. दुसरा कोणी कापणार नाहीये."

खालचा अर्धा भाग आमचा. पायरीवर त्याचा उतार केला आहे, कडेला पट्ट्या मारून. खुर्चीची चाकं त्यावर नेमकी मावतात. तुमच्या दादांनी केलेलं माप पहिल्यांदाच कोणाच्या उपयोगी पडलं.

वरचा अर्धा भाग तुमचा. तो पाठवला आहे. पार्सल ऑफिसातला कारकून म्हणाला, "बाई, अर्धंच दार?" मी म्हटलं, अहो, वाटाच तेवढा आहे. कडी, वरची बिजागरी सगळं त्यावर तसंच आहे. तुम्ही पाठवलेली पितळी मूठही त्याला चार स्क्रू मारून लावली आहे. तुम्ही म्हणाला होतात ते खरं आहे, शोभून दिसते. आता ते तुमच्या घरात कुठेही उभं करा, आणि कोणाला उघडायची संमती द्यायची, कोणाला नाही, ते खुशाल ठरवत बसा.

माझा राग गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही. त्या दिवशी त्यांच्या मांडीवर ठेवलेला पाय मला अजून जाणवतो, आणि तो तिथे ठेवायला लावणारे तुम्ही दोघं होतात. एकाशी मी रोज भांडते, म्हणून तो थोडा स्वस्तात सुटला.

कॅलेंडर भिंतीवर लागलं. खिळा ह्यांनीच ठोकला, खुर्चीत बसून ठोकला म्हणून जरा खाली आहे. मला वाकून तारीख बघावी लागते.

यायचं असेल तर या. दार रुंद आहे आणि करकरत नाही. फक्त संध्याकाळी येऊ नका. त्या वेळी तुमचे दादा कोपऱ्यावर बसेस बघत असतात, घरी सापडायचे नाहीत.

— वहिनी